जामिनाविना सल्ला

महाराष्ट्रात भांडवल नाही, साहस नाही, व्यापारी वृत्ती नाही, अशी तक्रार विद्वान मंडळी पिढ्यानुपिढ्या करीत आली आहेत, आणि ती करताना त्यांचा स्वर इतका हळहळीचा असतो, की आपण आत्ताच्या आत्ता उठून एखादा कारखाना काढावा असे ऐकणाऱ्याला वाटू लागते, व तो खरोखरच उठतो आणि घरी जाऊन जेवतो. या तक्रारीत तथ्य असेल वा नसेल. परंतु उद्योगधंद्याला लागणाऱ्या द्रव्यांपैकी एका द्रव्याचा साठा आपल्या प्रांतात असा विपुल, असा बारमाही आणि जकातीपासून असा मुक्त आहे, की त्याच्या निर्यातीची सोय असती तर मुंबई बंदरात दुसऱ्या मालाला जागा उरली नसती. हे द्रव्य म्हणजे सल्ला. या व्यापाराला तारण लागत नाही, गुदाम लागत नाही, विकलेला माल परत येत नाही, आणि नुकसान झालेच तर ते घेणाऱ्याच्या खात्यावर पडते. कीर्द-खतावणीच्या शास्त्रात याहून निर्धोक धंदा मला तरी आढळलेला नाही. आणि तो घरोघर भरभराटीने चालत असताना मराठी माणसाला धंदा जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी कोणता पुरावा तपासला, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

ही परंपरा जुनी आणि चांगली कुलशीलवान आहे. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहून ज्या लोकहितवादींनी आपल्या देशबांधवांना भिक्षुकी व चाकरी यांचा मोह सोडून व्यापार-उद्योगाकडे वळण्याचा उपदेश केला, ते गोपाळ हरी देशमुख स्वतः सरकारी चाकरीत होते. १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरविण्यात ज्यांचा पुढाकार होता, ते माधवराव रानडे न्यायखात्यातील अंमलदार. यात उपहासाचा हेतू मुळीच नाही. या थोर पुरुषांनी सल्ल्याबरोबर आपले अध्ययन, आपली झोप आणि वरिष्ठांची मर्जी हेही पणाला लावले होते. त्यांच्या गादीवर पुढे जे आले त्यांनी मात्र गादी तेवढी घेतली. सल्ल्याच्या या वाढत्या उत्पन्नाचा काही उपयोग करावा असे वाटून अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची योजना काढली आणि माणशी वर्षाला एक पैसा मागितला. उपदेशासाठी उघडलेल्या मुखापुढे पेटी धरण्याची महाराष्ट्रातील ही पहिलीच पद्धतशीर व्यवस्था असावी, आणि तिच्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, हे लक्षात घेता सल्ल्यावर कर बसविण्याची कल्पना अगदीच अव्यवहार्य नाही असे माझे नम्र मत आहे.

धंदेविषयक सल्ला देणारा इसम बहुधा निवृत्त असतो, चहानंतर फुलतो, आणि त्याच्या संग्रही एक बुडालेला मामेभाऊ असतो. हा मामेभाऊ नेहमी दुसऱ्या जिल्ह्यात राहतो. त्याने कोंबड्या पाळलेल्या असतात, किंवा साबण केलेला असतो, किंवा भागीदारीत ट्रक घेतलेला असतो. आणि अखेरीस त्याचे राहते घर लिलावात गेलेले असते. प्रत्येक कुटुंबाच्या दप्तरी असा एक तरी मामेभाऊ रुजू आहे, आणि या सर्वांची एकत्र शिरगणती केली तर असे निघेल, की गेल्या दोन पिढ्यांत महाराष्ट्रात जेवढ्या लोकांनी धंदा केला त्याच्या कितीतरी पट लोक धंद्यात बुडाले आहेत. हे गणित अर्थशास्त्र्यांनी सोडवावे.

आमच्या कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावी शेजारच्या मुलाने साखर कारखान्यातील वायरमनची कायम नोकरी सोडून बाजारपेठेत मोटार वाइंडिंगचे दुकान काढण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा त्याच्या वडिलांनी पोह्यांच्या खर्चात काटकसर न करता एक सल्लागार मंडळ भरविले. शेतीपंपाची मोटार चैत्र-वैशाखात जळते, ती जळली की डोळ्यांदेखत ऊस वाळू लागतो, आणि जळलेली तार काढून नवी तांब्याची तार भरून देणारा कारागीर जवळपास नसल्यामुळे शेतकऱ्याला मोटार गाडीत घालून जिल्ह्याच्या गावी न्यावी लागते, एवढे साधे त्या मुलाचे निवेदन होते. ते संपायच्या आतच पुण्याहून मुद्दाम आलेल्या काकांनी घसा साफ केला.

“हे बघ बाळ, धंदा म्हणजे पत. बाजारात पत पाहिजे.”

“होय काका.”

“आणि दूरदृष्टी पाहिजे.”

“होय काका.”

सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या मामांनी पहिली तीन वर्षे नफ्याची अपेक्षा ठेवू नये असे सांगितले; त्यावर “मग खायचं काय?” असा प्रश्न स्वयंपाकघरातून मुलाच्या आईने विचारला, परंतु त्या सभेच्या सदस्य नसल्यामुळे त्याची नोंद झाली नाही. माजी मुख्याध्यापकांनी उद्योगी पुरुषाच्या अंगच्या गुणांची यादी सांगितली. ती इतकी दीर्घ होती, की ते सर्व गुण ज्याच्या अंगी असतील त्याने वाइंडिंगचे दुकान काढणे हा राष्ट्रीय अपव्यय ठरला असता. तहसील कचेरीतून सेवानिवृत्त झालेले एक अव्वल कारकून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दरखास्तींवर शेरे मारले होते, आणि येथे लेखी काहीच नसल्याने ते अस्वस्थ दिसत होते.

मामेभाऊ एकूण चार झाले. त्यानंतर त्या मुलाने अत्यंत विनयाने पिशवीतून पतपेढीचा छापील अर्ज काढला आणि दोन जामीनदारांच्या सह्या लागतात, जामीनदार पगारदार किंवा निवृत्तिवेतनधारक असावा अशी अट आहे, आणि सुदैवाने आज तसे चौघे येथे हजर आहेत, असे निवेदन करून तो कागद टेबलावर ठेवला.

मी अनेक सभा बरखास्त होताना पाहिल्या आहेत; काही दगडांनी झाल्या, काही वळवाच्या पावसाने झाल्या, परंतु छापील कागदाने इतक्या शांततेत झालेली ही एकच. काकांना पुण्याची गाडी आठवली. मुख्याध्यापकांच्या मते जामीन राहण्याने तरुणांची स्वावलंबनाची वृत्ती खुंटते, म्हणून त्यांचा विरोध तात्त्विक स्वरूपाचा होता. मामा तेवढे प्रामाणिक निघाले. “बाबा रे,” ते म्हणाले, “कर्जदार पळाल्यावर जामीनदाराच्या दारात वसुलीला मीच जात होतो. त्या माणसांचे चेहरे मी पाहिलेले आहेत.” त्या दिवशीच्या समग्र चर्चेत अनुभवाचे म्हणावे असे हे एवढेच वाक्य होते, आणि ते ऐकून उगाच कोणाला जामीन राहू नये हा बहुमोल धडा मात्र मी घेतला.

अव्वल कारकून उठले नाहीत. सही करण्याचा त्यांचाही इरादा नव्हता. परंतु त्यांनी अर्ज हाती घेतला, चष्मा चढविला, आणि चुकलेला रकाना पाहताच जातिवंत कारकुनाच्या मुद्रेवर जी प्रसन्नता उमटते ती त्यांच्या मुद्रेवर उमटली. ‘व्यवसायाचे ठिकाण’ या रकान्यात मुलाने ‘बाजारात’ असे लिहिले होते. नगरपालिकेचा घर क्रमांक कोठे? जागामालकाची संमती कोठे? वाइंडिंग यंत्राची, तारेची, वार्निशाची दरपत्रके कोठे? मोटारी जळतात याला आधार काय? त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि दिवेलागणीपर्यंत त्या कागदावर असे संस्कार केले, की पुढे पतपेढीच्या व्यवस्थापकाला त्यात नामंजूर करण्याजोगे एकही व्यंग सापडले नाही. तालुक्यातील वीजपंपांची संख्या मिळविण्यासाठी ते स्वतः दोनदा वीज कचेरीत जाऊन आले. धंद्याविषयी त्यांनी त्या मुलाला एका शब्दाचाही सल्ला दिला नाही. सह्या अखेरीस दिल्या त्या कारखान्यातल्याच एका टर्नरने आणि काट्यावरच्या कारकुनाने. त्या दोघांच्याही मळ्यांतल्या मोटारी या मुलाने पूर्वी ऐन उन्हाळ्यात रात्री जागून दुरुस्त करून दिल्या होत्या, आणि सही करताना दोघांनीही दूरदृष्टीचा उल्लेखसुद्धा केला नाही.

तेव्हापासून कोणी भांडवलाविषयी बोलू लागला, की मी इतिहासात प्रथम सहीचे रकाने पाहतो. दादासाहेब फाळके यांनी चलच्चित्रांचा नाद घेतला तेव्हा त्यांना वेड्यात काढणारे विपुल होते. या गृहस्थाने आपल्या विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, विलायतेला जाऊन कॅमेरा आणला, आणि सावकाराला विश्वास वाटावा म्हणून वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसानुदिवस टिपून त्याची फिल्म करून दाखविली. भांडवलदाराला भेटायला जाताना काय न्यावे, याचे याहून उत्तम उत्तर मला ठाऊक नाही. मोठमोठ्या आराखड्यांच्या जागी त्यांनी उगवलेला वाटाणा नेला. तरीही पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले ते पडलेच. त्या माउलीने चित्र काढणाऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्मच्या पट्टीला भोके पाडली, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. नाटक-सिनेमात काम करतो असे सांगण्याची तेव्हा चोरी असल्यामुळे, कोणी विचारले तर आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहोत असे सांगा, अशी फाळक्यांनी आपल्या माणसांना शिकवण दिली होती म्हणतात. मुलाचे लग्न जुळवू पाहणाऱ्या आजच्या आईबापांनीही हा तोडगा ध्यानात ठेवावा; मुलगा स्वतःचे काहीतरी करतो म्हटले की मुलीकडचे गप्प होतात, फॅक्टरीत आहे म्हटले की पत्रिका मागतात.

नोकरीतील उत्कर्षाविषयी लिहिणे मला संकोचाचे वाटते, कारण या विषयावरील सर्व ज्ञान ज्येष्ठता यादीत आधीच ग्रथित आहे. त्या यादीत आपल्या वरच्या इसमाच्या प्रकृतीची आपण जी चौकशी करतो, तिच्यात माणुसकीचा अंश किती आणि गणिताचा किती, हे ज्याचे त्यालाच माहीत. साहेबाशी वागण्याचे नियम थोडे आहेत. त्याच्या खोलीत अडचण नेऊ नये, नेलीच तर तिचे उत्तर टिप्पणीच्या तिसऱ्या परिच्छेदात असे दडवावे, की ते आपणच शोधून काढले असे साहेबाला वाटावे; त्याच्या अक्षराची स्तुती करावी; आणि कचेरी उघडल्यावर पहिला चहा होईपर्यंत त्याच्याहून शहाणे दिसू नये. तोंडी हुकूम मिळाल्यास ‘आपल्या तोंडी आदेशानुसार’ अशी सुरुवात करून त्याच दिवशी टिप्पणी सादर करावी. असे चारदा केले, की तोंडी हुकूम शेजारच्या टेबलाकडे वळतात आणि गोपनीय अहवालात आपण ‘काटेकोर’ ठरतो. याचा अर्थ काही ठिकाणी चांगलाही धरतात.

परंतु बढती न मिळाल्याने काय होऊ शकते, याचा विचार कोणी केलेला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्याआधी चित्रकार होण्यासाठी ते जे. जे. कलाशाळेत गेले होते, परंतु काही रंग ओळखू येत नाहीत असे आढळल्याने यांत्रिक आरेखनाकडे वळले. एक दार असे बंद झाले. मग हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला देण्यात आली, हे दुसरे. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावचा रस्ता धरला, तेथे बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान होते, पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला. आता कल्पना करा, की त्या वेळचा तो वरिष्ठ न्यायी असता, आणि लक्ष्मणरावांना बढती मिळाली असती. ते यथाकाल निवृत्त झाले असते, दादर-गिरगावात कोठे दोन खोल्या घेतल्या असत्या, आणि संध्याकाळी चौपाटीवर तरुणांना उद्योगाविषयी सल्ला देत बसले असते. मराठी उद्योगाच्या इतिहासात त्या अन्यायी अधिकाऱ्याचा पुतळा नसणे ही मला मोठी कृतघ्नता वाटते.

नांगराचे पुढे जे झाले ते प्रत्येक विक्रेत्याने ऐकावे. लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकऱ्याचे म्हणणे, आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे एकही गिऱ्हाईक नाही, आणि पुढे बेळगावच्या कारखान्याची जागाही सोडण्याची पाळी आली! अशा वेळी मामेभावांच्या किती कथा त्यांना ऐकाव्या लागल्या असतील याची मोजदाद नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी मात्र कथा न सांगता कुंडल स्टेशनजवळची जमीन आणि बिनव्याजी कर्ज दिले. ती जमीन निवडुंगाने आणि नागांनी भरलेली होती हे खरे, पण जमीन होती. तीवर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेथे माणसे नेमताना लक्ष्मणरावांनी गोपनीय अहवाल मागविल्याचे दिसत नाही. तुरुंगातून सुटलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवले होते. आमच्या अव्वल कारकुनांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार करून “नियमात बसत नाही, पण चोऱ्या कोठून होतात हे त्या माणसांना माहीत असणार,” असा शेरा दिला.

भागीदारी हा प्रांत नाजूक आहे. फाळके छापखान्याच्या भागीदारीतून भांडून बाहेर पडले आणि चित्रपटाकडे वळले. पुढे यश मिळाल्यावर मुंबईच्या धनिकांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली, तेथेही खटके उडाले, आणि ते थेट काशीला जाऊन नाटक लिहीत बसले. कलावंत आणि पैसेवाला यांच्या भागीदारीत काशीचे भाडे प्रथमच वेगळे काढून ठेवावे. याउलट सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जो भागीदार निवडला, तो लक्ष्मण बळवंत फाटक नावाचा रेल्वेतील माजी कारकून होता. फाटकांना रेल्वेचे दप्तर ठाऊक, वालचंदांकडे धडाडी आणि पैसा. बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून या जोडीने सुरुवात केली, आणि यांतले वालचंद पुढे सिंदिया कंपनीचे झाले, जिची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. आज व्यावसायिक संबंध जोडण्यासाठी तारांकित हॉटेलात संमेलने भरतात, गळ्यात नावाच्या पाट्या अडकवून लोक एकमेकांची कार्डे गोळा करतात, आणि घरी गेल्यावर ती कार्डे रबर घालून खणात ठेवतात. परंतु कोणत्या कचेरीत कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो हे जाणणारा कारकून त्या संमेलनाला आलेला नसतो, कारण त्याची प्रवेशशुल्काची तसलमात मंजूर झालेली नसते.

आमच्या वायरमनला हे शहाणपण वाचून आलेले नव्हते, अडचणीतून आले. दुकान चालू लागले, मोटारी येऊ लागल्या, त्या दुरुस्त होऊन गेल्या, आणि पैसे राहिले. उसाच्या पट्ट्यातील उधारीला स्वतःचे पंचांग आहे. मोटार वैशाखात जळते. शेतकरी अगदी सरळ मनाने “कारखान्याचं बिल निघालं की देतो” म्हणतो. आणि कारखान्याचे बिल निघते तेव्हा त्यावर सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न आणि गावची जत्रा यांचा आधीच बोजा चढलेला असतो. तांब्याच्या तारेचा व्यापारी मात्र पंचांग पाहत नाही. मुलाने शेताच्या बांधावर जाऊन तगादा केला, तर घरात बोलावून चहा पाजतात. चहा प्यालेल्या माणसाला पैसे मागता येत नाहीत, हे महाराष्ट्रातील प्रत्येक ऋणकोला उपजत ठाऊक असते. हिवाळ्यापर्यंत उधारीची वही एवढी फुगली, की पतपेढीचा हप्ता थकण्याची वेळ आली आणि टर्नर व काट्यावरचा कारकून दुकानावरून जाताना आत डोकावू लागले.

तेव्हा अव्वल कारकून पुन्हा अवतरले. रोज चार ते सहा ते दुकानात बसू लागले. पहिल्या आठवड्यात त्यांनी चिठोऱ्यांची कीर्द केली, कीर्दीची खतावणी केली, प्रत्येक गिऱ्हाइकाला अनुक्रमांक दिला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पत्रे लिहायला घेतली. ती पत्रे मी पाहिली आहेत. त्यांत धमकी नव्हती, कायद्याचे कलम नव्हते, सरकारी असे काहीही नव्हते. होती ती केवळ छत्तीस वर्षांची सवय. ‘विषय : थकीत रकमेबाबत. संदर्भ : आपल्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीची दिनांक अमुक रोजीची दुरुस्ती. उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदरहू रक्कम अद्याप जमा झाल्याचे या दप्तरी दिसून येत नाही. तरी आठ दिवसांचे आत सदर रकमेचा भरणा करून पोच घ्यावी. याची कृपया नोंद घ्यावी.’ खाली, सवयीनेच, ‘प्रत माहितीस्तव सादर’ असे लिहिलेले होते. ती कोणास सादर हे लिहिलेले नव्हते.

परिणाम विलक्षण झाला. जे लोक मुलाला चहा पाजून वाटेला लावीत, ते पागोटी-टोप्या सावरीत दुकानाची पायरी चढू लागले. ‘प्रत’ कोणाला गेली असावी याविषयी वाड्या-वस्त्यांवर निरनिराळे तर्क चालले होते, आणि अव्वल कारकून त्या प्रश्नावर काहीही बोलण्यास नम्रपणे नकार देत. वसुलीचा वेग पाहून पुण्याच्या काकांनी पत्र पाठवून, धंद्यात पत असली की असे होतेच, असे कळविले. आणि एके संध्याकाळी नदीपलीकडच्या गावचे एक वयोवृद्ध शेतकरी दुकानात आले, दहा-दहाच्या नोटा दोनदा मोजून टेबलावर ठेवल्या, पावती मागितली, आणि मग उपरण्याच्या गाठीतून घडी केलेला सातबाराचा उतारा काढून, यावरचा बोजा आजच्या आज कमी करून मिळेल का, असे हळूच विचारू लागले. अव्वल कारकुनांनी उतारा दिव्याजवळ धरून निरखून पाहिला, त्यातली एक जुनी चूक लाल पेन्सिलीने दाखवून दिली, आणि उद्या सकाळी तलाठ्याकडे बरोबर येतो, असे सांगून चष्मा उतरविला.